शालिनावाल्या बाईंचा रुंद पडदा

मी एक रुंद पडदा बोलतोय. मॉनिटर म्हणा हवं तर. पण साधा नव्हे, "हा टेबलावर मावणार कसा?" असं ज्याच्याकडे बघून लोक विचारतात, तो. उंची जेमतेम हातभर, लांबी दोन माणसं शेजारी बसावीत एवढी, आणि दोन्ही टोकं जराशी आत वळलेली. माझी कहाणी ऐकायची तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही दिवसभर पडद्याकडे बघता. तुमचा चेहरा समोरून, इतक्या जवळून, इतका वेळ बघणारा दुसरा कुणी घरात नसतो. बायको नाही, नवरा नाही आणि मुलगा तर नाहीच नाही.

माझा जन्म लांब समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तपासणीवाल्या मुलीने माझ्या अंगावरून लाल, हिरवा, निळा रंग फिरवला आणि एकही ठिपका मेलेला नाही म्हणून पाठीवर पावतीएवढी चिकटपट्टी लावली. त्या चिकटपट्टीचा मला फार तोरा होता. तोऱ्यातच मी खोक्यात बसलो आणि तोऱ्यातच चेक देशातल्या ब्रनो शहरात, एका दुकानात येऊन उभा राहिलो. येणारेजाणारे थांबायचे, हात पसरून माझी लांबी मोजायचे आणि लहान मॉनिटर घेऊन घरी जायचे.

शेवटी मला नेलं ते ट्राम डेपोतल्या लोकांनी. त्यांच्या द्राहोमीराबाई निवृत्त होत होत्या. निवृत्त कसल्या, त्यांना उतरवलं होतं. उभं आयुष्य ब्रनोच्या रुळांवर शालिना चालवली (ट्रामला आमच्याकडे शालिनाच म्हणतात), आणि एके दिवशी तपासणीत डोळ्यांचा आजार निघाला. विचित्र आजार आहे. नजरेच्या कडा शाबूत राहतात, मधोमध एक डाग बसतो आणि तो पसरत जातो. डॉक्टर म्हणाले, अजून काही काळ बरा जाईल, पुढचं सांगता येत नाही. पण भरलेली गाडी अशा माणसाच्या हातात कोण देणार? डेपोवाल्यांनी वर्गणी काढून मला घेतलं, शालिनेचा वेग कमीजास्त करायचा जुना दांडा आणि पेडलं खेळाला जोडता येतील अशी करून दिली, आणि मला लेस्ना वस्तीतल्या पाचव्या मजल्यावर आणून टेबलावर बसवलं.

सांगतो, ते दिवस सोन्याचे होते. ट्रामवेड्या लोकांनी बनवलेला एक खेळ होता, त्यात ब्रनोचे सगळे मार्ग जसेच्या तसे. समोरचा रस्ता माझ्यावर. माझ्या दोन्ही बाजूंना दोन जुने चौकोनी मॉनिटर, कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले, त्यांच्यावर आरसे. उजव्यात दारं दिसायची. बाई सपाता काढून पाय पेडलावर ठेवायच्या, पाठ ताठ करायच्या आणि घंटा वाजवायच्या. गुरुवारी त्यांचा डेपोतला जोडीदार बोहुश यायचा. तो रुळांचे सांधे आणि वेळापत्रक सांभाळणारा नियंत्रक व्हायचा, म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसून खसखशीचे बन खायचा आणि ओरडायचा.

"अगं द्राहो, दीड मिनिट उशीर झालाय तुला!"

"तुझ्या बनाने झालाय. तोंड मिटून चाव."

"प्रवासी तक्रार करतायत."

"त्यांना म्हणावं, पायी जा."

वळणावर त्या इतक्या अलगद दांडा मागे घ्यायच्या की मला वाटायचं, माझ्या आत खरंच कुणी म्हातारी पिशवी धरून उभी आहे. एकदा बोहुशने विचारलं, "किती दिवस चालवणार?" बाई म्हणाल्या, "मधलं दिसतंय तोवर. रस्ता मधेच असतो ना." एवढंच मागणं होतं त्यांचं. ते माझ्याच हातात आहे असं मला वाटायचं. मी मूर्ख होतो.

कारण कॉम्प्युटरमध्ये एक कारभारी असतो. खिडकी कुठे उघडायची, माउसचा बाण कुठवर जाऊ द्यायचा, तीन पडदे असले तर थोरला कुणाला मानायचं, कोण कधी झोपणार, हे सगळं तो ठरवतो. लोक त्याला डेस्कटॉप म्हणतात. मी कारभारीच म्हणणार, कारण त्याची मिजास तशीच असते. आमच्याकडचा पहिला कारभारी दुकानातून आलेला, विकतचा. त्याला कौतुकाने कुणी विचारलं नसेल, पण आम्हा तिघांना त्याने गपचूप एका ओळीत बसवलं होतं.

बाईंचा मुलगा रादिम प्रोग्रॅमर. 'लिपा' नावाचा एक कारभारी जगभरातले लोक मिळून फुकट बनवतात, त्यातला हा एक मुख्य हात. एका रविवारी जेवायला आला, बूट काढून सपाता घातल्या, साईच्या रश्श्यातलं मांस आणि पावाचे उकडलेले गोळे चापले, आणि मग त्याचं लक्ष माझ्यावर गेलं.

"आई, हे काय? माझी आई विकतचा कारभार वापरते? आमच्यातल्या कुणाला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"चालतंय ना पण."

"चालतं म्हणून काय झालं? आमचं सगळं खुलं असतं. कुणाच्या बापाची मालकी नाही. आणि मी स्वतः लिहिलंय त्यातलं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डाग नुकताच बसायला लागलेल्या डोळ्यांनी त्या पाहत होत्या, पण त्या पाहण्यात कौतुक काठोकाठ भरलेलं होतं. "मग बसव की," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचं आहे तर."

कॉफी निवायच्या आत लिपा बसला. रादिमने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बघ, किती स्वच्छ! एक बटण जास्तीचं नाही." खरं होतं. बटण नव्हतंच कुठलं.

गुरुवारी खेळ उघडला तो उजव्या चौकोनावर. झालं असं की तो चौकोनी हडकुळा वीज आल्याबरोबर ताडकन जागा होतो. माझं अंग मोठं, मला जाग यायला जरा वेळ लागतो. लिपाने पाहिलं, आधी कोण उठला? तोच थोरला. अख्खी शालिना त्या खोक्यात कोंबलेली, आणि माझ्यावर नुसता रिकामा निळा रंग. बाईंनी महत्प्रयासाने ती ओढून माझ्यावर आणली, तर दोन्ही कडांना रुंद काळे पट्टे. लिपाने खेळाला माझं खरं मापच सांगितलं नव्हतं. जगातले सगळे पडदे एकाच मापाचे असतात अशी त्याची ठाम समजूत.

हे सगळं मी गिळलं असतं. पण पुढचं गिळवत नाही.

गाडी उतारावर होती. बाईंचा एक हात दांड्यावर, पाय पेडलावर. आणि मी विझलो. मीच! लिपाच्या मते माउस हलला किंवा बटण दाबलं तरच समोर माणूस आहे. दांडा आणि पेडल ही माणसाची हालचाल आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने ठरवलं, समोर कुणी नाही, पडदा झोपवा. आणि मी झोपलो. मला विचारतो कोण?

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. मग त्यांचा हात हवेत चाचपडत बोहुशच्या बाहीपाशी गेला.

"बोहुश, तुला दिसतंय का?"

"काय?"

"समोरचं. तुला दिसतंय, की माझंच गेलं?"

बोहुशच्या तोंडातला घास तसाच राहिला. "नाही गं. काळंच आहे. पडदा गेलाय. तू नाही."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

बाई हसल्या, पण त्याची बाही सोडली नाही. मी आतून बघत होतो, अंधारातून. त्यानंतर मी दर गुरुवारी विझलो आणि दर वेळी बाईंनी तेच विचारलं. पहिल्यांदा मोठ्याने, मग हळू, मग नुसतं बोहुशकडे वळून. आपले डोळे गेले की नाही हे दर आठवड्याला नव्याने विचारायची पाळी एखाद्यावर आणावी, यापेक्षा वाईट काम पडद्याकडून कुणी करवून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

रादिमला सांगितलं तेव्हा तो घाबरला नाही, उलट खुलला. "हो, हे माहितीये आम्हाला! आणि तशी एका दुपारची गोष्ट आहे."

"मग बस की आज दुपारी. गोळे गरम करते."

"तसं नसतं गं, आई. तुझ्या एकटीच्या मशीनवर ठोकून देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वर, लिपाच्या मुळातच झाली पाहिजे. म्हणजे सगळ्यांना मिळते."

"सगळ्यांना दे. पण मला आधी दे."

"मीच लोकांना सांगतो की घरच्या घरी ठिगळं लावू नका. मग मीच लावू? तू रीतसर तक्रार लिही, सगळ्यांसमोर. मी लिहिली तर म्हणतील, आईचं घोडं पुढे दामटतोय."

"आणि मुळात कधी होईल?"

"पानगळीत नवी आवृत्ती येते. नाहीतर मग वसंतात."

बाईंच्या डोळ्यांना पानगळ आणि वसंत यांत काय फरक पडतो हे त्या सांगू शकल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "बरं. नियम म्हणजे नियम." सारं आयुष्य सिग्नल पाळलेली बाई, दुसरं काय म्हणणार?

तक्रार त्यांनी आपल्या भाषेत लिहिली, यंत्राने तिचं भाषांतर केलं, आणि उत्तरं येऊ लागली. ती सगळी माझ्यावरच उमटायची, म्हणून मला पाठ आहेत. कुणी दूरदेशीचा म्हणाला, तीन पडदे, त्यात एक असा लांबोडका, वर पेडलं, असली मांडणी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसरा म्हणाला, आम्ही सेटिंग वाढवत नाही, सेटिंग वाढवणं म्हणजे आपल्याला निर्णय घेता येत नाही याची कबुली. तिसऱ्याने वीज वाचवण्यावर प्रवचन दिलं. मग हे तिघे आपसात भांडायला लागले आणि बाई बाजूलाच राहिल्या. अधूनमधून कुणीतरी विचारायचं, "ताज्या आवृत्तीतही असं होतं का?" बाई नाक माझ्यावर टेकेल इतक्या जवळ येऊन वाचायच्या आणि एक एक अक्षर शोधून लिहायच्या: हो, होतं. धन्यवाद.

रादिम ते सगळं वाचत होता. फोनवर तसं सांगायचाही. त्या भांडणात त्याने एक ओळ लिहिली नाही. आपल्या आईची बाजू घेणं त्याला बरं दिसलं नाही. पानगळीत म्हणाला, आता गोठवणूक झालीये, नवं काही घेत नाहीत. गोठवणूक! खिडकीबाहेर झाडं नागडी झाली होती आणि आमच्या घरी एक एक थांबा पुसट होत चालला होता.

बोहुश तसा हिकमती. एके दिवशी त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या काचेवर माउस ठेवला. काटा सरकला की माउसला वाटायचं आपणच हललो. लिपा फसला. मी जागा राहिलो. बाईंनी टाळी वाजवली. पण बाण थरथरत थरथरत सरकायचा आणि हळूच उजव्या आरशात जाऊन पडायचा. मग बटण दाबलं की ते आरशाला लागायचं आणि खेळ खाली जाऊन बसायचा. गाडी अधांतरी.

"जुना बसवू या का परत?" बोहुश म्हणाला. "दुकानात माझ्या ओळखीचा आहे."

"नको. पोराने केलंय ते."

"पोराने केलंय म्हणून काय आंधळी होईस्तोवर थांबणार?"

शब्द सुटून गेला. बोहुश पायातल्या सपातांकडे बघत राहिला. बाईंनी ताटलीतला शेवटचा बन त्याच्यापुढे सरकवला.

"तो त्यावर जीव टाकतो रे," त्या म्हणाल्या. "मी काढून टाकलं तर त्याला कळेल. मग तो येईल, बघेल आणि काही बोलणार नाही. ते मला नाही बघवणार."

म्हणजे बघा. तो बोलत नव्हता कारण ती आई होती, आणि ती काढत नव्हती कारण तो मुलगा होता. आणि दोघांच्या मधे मी, दोन्ही कडांना काळे पट्टे लावून, सुतकात बसल्यासारखा. मला दोघांचाही राग यायचा. रादिमचा जास्त.

थंडी सरेपर्यंत बाईंनी मान तिरकी करायला सुरुवात केली. माझ्याकडे त्या सरळ बघेनात. डावीकडे बघायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्याने रस्ता पकडायच्या. रादिमने एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "वा, आता आरसे जास्त वापरतेस वाटतं!" बाई म्हणाल्या, "हो रे, मागचं बघायला लागतं." मी समोर होतो. त्यांची बुबुळं माझ्या मध्यावर यायची, काही न मिळून परत सरकायची. माझ्या मध्यावर एकही ठिपका मेलेला नव्हता.

मग वसंतात एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती आपली पद्धत. इंटरनेटवर खेळ खेळून दाखवणारा कुणी एक पोरगा, लाखो लोक त्याला बघतात. त्याने माझ्यासारखाच रुंद पडदा घेतला, त्यावर लिपा बसवला आणि काळ्या पट्ट्यांची पोट धरधरून टर उडवली. झालं! जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते ते एका दिवसात लाखो झाले. सेटिंग न वाढवणाऱ्यांनी तीन सेटिंगं वाढवली. वीज वाचवणारे चिडीचूप. दुरुस्ती लिहिली रादिमने, एका दुपारी. लिपावाल्यांच्या मेळाव्यात त्यासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी ते माझ्यावरच पाहिलं, म्हणजे ऐकलं.

रविवारी रादिम धावतच आला. एक सपात पायात, एक दारातच.

"आई! झालं! बस, बस खुर्चीत. बोहुशकाका, तुम्हीही बघा."

मी कबूल करतो, काम चोख झालं होतं. खेळ थेट माझ्यावर उघडला. काळा पट्टा औषधालाही नाही. आरसे आपापल्या जागी, बाण आपल्या हद्दीत, दांडा हलला की कारभाऱ्याला माणूस दिसतो. मी इतका भरलेला कधीच नव्हतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रनोची सकाळ होती, ओले रूळ होते, आणि खांबांवरच्या तारा चमकत होत्या.

बाईंनी पाठ ताठ केली. घंटा दिली. गाडी निघाली. पहिल्या थांब्यावर अशी अचूक थांबली की बोहुशही फसला. हातांना रस्ता पाठ होता. रादिम माझ्या डाव्या कडेशी वाकून डोळे बारीक करून बघत होता, चित्र काठापर्यंत जातं की नाही. मग उजव्या कडेशी गेला.

"बघ, बघ, एक ठिपका वाया नाही!"

पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. माझ्या अगदी मध्यावर, ठसठशीत. बाईंनी दांडा मागे घेतला नाही. गाडी तशीच चौकातून गेली.

बोहुशचं तोंड उघडलं. कडेचं बाईंना अजून चांगलं दिसत होतं, म्हणून त्यांना सिग्नल दिसला नाही, बोहुशचा चेहरा दिसला. त्यांनी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला.

"लाल होता?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

बोहुशने होकाराची मान हलवली.

पुढचा थांबा आला. बाईंनी गाडी थांबवली, दारं उघडली, आणि हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले. दारं उघडीच राहिली.

"कसं वाटतंय, आई?" रादिम उजव्या कडेवरूनच म्हणाला.

"छान झालंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"तूच पहिली तक्रार केली होतीस! आमच्या पानावर टाकतो फोटो, तुझं नाव घालून." त्याने फोन काढला, मागे सरकला, आणखी मागे सरकला. मी लांबोडका, एका फोटोत मावत नाही. "आई, जरा खुर्ची बाजूला घेतेस? मधला भाग झाकला जातोय."

बाई उठल्या. बोहुशने खुर्ची ओढून दिली. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि रादिमने माझा फोटो काढला.

तो फोटो आता जगभर फिरतोय म्हणे. फार सुंदर आलाय. त्यात कुणीही नाही.

तेव्हापासून बाई माझ्यासमोर बसलेल्या नाहीत. मी टेबलावर आहे तसा आहे. आरसेवाले दोघे बोहुशने तळघरात नेऊन ठेवले, मला उचलणं त्याला झेपलं नाही. गुरुवारी तो येतो. दोघं माझ्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बटाटे सोलतात आणि रेडिओ ऐकतात. रविवारी रादिमचा फोन येतो, हल्ली त्याला कामाचा फार रेटा असतो. "आई, चालवतेस ना?" बाई म्हणतात, "हो, रोज." हे मी या कानाने ऐकतो, म्हणजे पडद्याला कान असतील तर.

रादिम, मी तुझ्या कारभाऱ्याचा नोकर, मला तोंड नाही. असतं तर इतकंच मागितलं असतं. फोनवर विचारू नकोस. ये. मी जिथे उभा आहे तिथे, तिच्या खुर्चीसमोर, तू बस, आणि तिचे डोळे कुठे बघतात ते बघ. आणि येताना हात हलवत ये. नवी आवृत्ती आणू नकोस.